ए३

चाळिसाव्या खेळीला पांढऱ्याचं ए२ वरचं प्यादं एक घर पुढे सरकतं आणि समोरचा जगज्जेता डाव सोडून देतो. (घराच्या नावातलं अक्षर म्हणजे उभी पट्टी, ए ते एच; आकडा म्हणजे आडवी रांग, पांढऱ्याच्या बाजूने एक ते आठ.) शह नाही, मारामारी नाही, पुढच्याच खेळीला मात होतेय असंही नाही. सेंट पीटर्सबर्गची स्पर्धा, १९०९. पांढरे मोहरे पोलंडच्या अकिबा रुबिनस्टाईनकडे, काळे इमॅन्युएल लास्करकडे. हा डाव बुद्धिबळात थोडंफार मुरलेल्या बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेला असतो, आणि बहुतेकजण सोळाव्या ते अठराव्या खेळीपाशी थांबून वाहवा करतात. कारण तिथे घोडा पडतो, उंट पडतो, हत्ती जातात, पटावर धूळ उडते. पुढच्या बावीस खेळ्या भराभर उलटल्या जातात, आणि शेवटचं ते ए३ आलं की ‘हं, पांढरा जिंकला’ म्हणून पुस्तक मिटतं. पण ती खेळी तशी सहज पचत नाही. लास्करसारखा चिवट माणूस, ज्याने हरलेले डाव ओढून बरोबरीत आणले आणि काही तर जिंकलेसुद्धा, तो एका कडेच्या प्याद्याने एक पाऊल टाकलं म्हणून उठून का जातो?

पट मांडूनच बघायला हवं. पांढरा राजा एफ५ वर, हत्ती सी६ वर, प्यादी ए३, ई५, जी४ आणि एच५. काळा राजा एफ७ वर, हत्ती बी७ वर, प्यादी ए७, जी७ आणि एच६. पाळी काळ्याची. आता काळ्याच्या एकेका खेळीवर बोट ठेवत जा. राजा एफ८, ई७ किंवा जी८ कुठेही हलला, तरी पांढरा राजा जी६ वर येऊन बसतो आणि जी७ चं प्यादं त्याच्या तोंडाशी येतं. जी८ वर असेल तर हत्ती सी८ वर जाऊन मातच करायला बघतो. हत्तीने सातवी रांग न सोडता ई७ वर जावं, तर ई६ चा शह बसतो, राजा जी८, पांढरा राजा जी६, हत्ती ई८ वर मागे, प्यादं ई७ वर, आणि मग पांढरा हत्ती डी६ वरून डी८ ला निघतो. ते प्यादं मारायला जावं तर सी८ वरचा शह आणि मात. हत्तीने सातवी रांग सोडली, तर सी७ वर शह आणि पुन्हा तोच राजा जी६ वर. राहिली एकच पळवाट: हत्ती बी४ वर. तिथून चौथ्या रांगेवरून तो थेट जी४ च्या प्याद्यावर रोखलेला असतो. पांढरा राजा जी६ वर चढला रे चढला की ते प्यादं शहासकट पडतं आणि सगळं मुसळ केरात. ए३ मुळे बी४ हे घर बंद झालं. प्यादं कुठेही पळालेलं नाही, त्याने फक्त एका घरावर हात ठेवला आहे. बाकी काळ्याच्या खेळ्या आधीच संपलेल्या होत्या.

आधीच म्हणजे कधी, हा खरा प्रश्न. अठ्ठाविसाव्या खेळीला मागे चला. पांढऱ्याकडे एक प्यादं जास्त आहे, बाकी हत्ती आणि राजे. हत्तीच्या शेवटात एक प्यादं जास्त असून डाव बरोबरीत सुटल्याचे दाखले ढिगाने सापडतात. रुबिनस्टाईनने आधी हत्ती ए५ वर नेऊन ए७ ला हात घातला, काळा हत्ती बी७ वर राखणीला आला, आणि मग पांढरा हत्ती ए६ वर गेला. या एका घराच्या फरकात अर्धा डाव आहे. ए५ वर असताना तो फक्त ए७ वर रोखलेला होता. ए६ वर गेल्यावर ए७ वर रोखलेला राहिलाच, शिवाय काळ्या राजाला सहावी रांग बंद झाली. म्हणजे काळा हत्ती सातव्या रांगेला बांधलेला आणि राजा सातव्या-आठव्या रांगेत कोंडलेला. एवढं झाल्यावर पांढऱ्याला घाई कसली? ई४, एच४, जी४, राजा एफ४, एच५. प्रत्येक खेळी लहान. एच५ नंतर लास्करपुढे पेच असा: एच७ चं प्यादं तसंच ठेवावं तर पांढरा एच६ करून जी७ चा आधार मोडणार, स्वतः एच६ करावं तर जी६ हे घर कायमचं गेलं. त्याने एच६ केलं. मग राजा एफ५, प्यादं ई५. आता काळा राजा एफ७ वरून हटला की जी६ वर पांढरा राजा जाऊ शकतो, पण जात नाही.

छत्तिसाव्या खेळीला हत्ती डी६ वर गेला, सदतिसाव्याला परत ए६ वर आला. स्थिती जशीच्या तशी. नवख्याला वाटतं, याला सुचत नाहीये. मग पुन्हा डी६, आणि तिथून सी६. हत्तीने आता ए७ चा नाद सोडलेला आहे, कारण सी६ वरून त्याला सी७ आणि सी८ ही शह द्यायची दोन्ही घरं मिळतात. ज्या प्याद्यावर दहा खेळ्या डोळा ठेवला, ते आता नको. काम झालं होतं त्याचं.

ते ए७ चं प्यादं शेवटपर्यंत जिवंत राहिलं, ही मला या डावातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट वाटते.

सोळाव्या खेळीची वाहवाही करू, ती पात्र आहे. काळा राजा वजिराच्या बाजूला किल्लेकोट करून सी८ वर बसलेला, त्याच्यासमोर सी६ वर उंट, काळा वजीर जी५ वर. पांढऱ्याने हत्ती सी१ वर आणला आणि ई३ वरचा घोडा मोकळा सोडला. काळ्याने हत्तीने घोडा मारला. पांढऱ्याने सी६ वरचा उंट मारून शह दिला, प्याद्याने हत्ती मारला, आणि मग अठरावी खेळी: वजीर सी१. कर्णावर नजर टाका. सी१ ला पांढरा वजीर, ई३ ला काळा हत्ती, जी५ ला काळा वजीर, तिघे एका ओळीत. हत्ती हलला की वजीर जातो. आणि तोच पांढरा वजीर सी पट्टीतून सी६ च्या प्याद्यावर, म्हणजे राजावर, नजर ठेवून आहे. एका खेळीत दोन रेषा. लास्करने दुसरा हत्ती डी४ वर घालून जमेल तेवढी वसुली केली, पांढऱ्याने ई३ चा हत्ती मारला, सी६ वर शह दिला, राजा डी८ वर आला. इथे हल्ला करणारा माणूस मात शोधायला लागतो. रुबिनस्टाईनने हत्ती एफ४ वर ठेवला. चौथ्या रांगेवरून तो ए४, डी४, ई४ कुठेही जाऊ शकतो. नेमका कुठे जाणार हे त्याने अजून ठरवलेलं नाही आणि काळ्याला मात्र तिन्हीकडे बघावं लागतं. मग वजीर सी५, लास्करला आपला वजीर ई७ वर आडवा घालावा लागला, आणि इतका चढलेला हल्ला सोडून रुबिनस्टाईनने वजिरांची अदलाबदल केली. बदल्यात एफ५ चं प्यादं घेतलं. हल्ल्याची कमाई किती? एक प्यादं आणि प्रतिस्पर्ध्याचा जरा अवघडलेला राजा. बस्स.

इथेच शिकणाऱ्याची गाडी घसरते. क्लासमध्ये हल्ला वेगळ्या दिवशी शिकवतात, डावाचं अंतिम पर्व वेगळ्या दिवशी, आणि मुलांच्या डोक्यात दोन कप्पे तयार होतात: इकडे बळी द्यायचा, तिकडे मोजायचं. मग हल्ला मातीत गेला की सगळंच गेलं असं वाटून मुलं वजीर अडवून धरतात, अदलाबदल टाळतात, आणि जिंकलेली स्थिती हातची घालवतात. रुबिनस्टाईनचे डाव ओळीने खेळून बघितले की हे दोन कप्पे टिकत नाहीत. त्याचा हल्ला अंतिम पर्वासारखाच चालतो. आधी समोरच्याचे मोहरे कामाला जुंपायचे, मग त्यांची घरं बंद करायची, आणि सगळे आपापल्या जागी बसल्यावरच काहीतरी मारायचं.

लॉड्झ, १९०७, रोटलेवीविरुद्धचा डाव घ्या. या डावाला लोक ‘रुबिनस्टाईनचा अमर डाव’ म्हणतात, आणि वजिराच्या बळीपासूनच तो दाखवायची पद्धत आहे. ती बदलावी असं माझं ठाम मत आहे. पंधराव्या खेळीला, पांढऱ्याने किल्लेकोट केल्याक्षणी पट थांबवा आणि दोन्ही बाजू आरशात धरल्यासारख्या बघा. पांढऱ्याचा वजीर ई२ वर, उंट बी२ आणि डी३ वर, घोडे सी३ आणि एफ३ वर, प्यादी ए३, बी४, ई३. काळ्याचा वजीर ई७ वर, उंट बी७ आणि डी६ वर, घोडे सी६ आणि एफ६ वर, प्यादी ए६, बी५, ई६. हुबेहूब. फरक दोनच: काळ्याचा एक हत्ती डी८ वर पोचलेला आहे, आणि पाळी काळ्याची आहे. डाव पांढऱ्याने सुरू केला होता! म्हणजे पांढऱ्याच्या दोन खेळ्या कुठेतरी सांडल्या. कुठे ते शोधायला फार लांब जावं लागत नाही. वजीर आधी डी२ वर गेला आणि चार खेळ्यांनी ई२ वर, तेव्हा एक तिथे. उंट डी३ वर, मग सी४ वर प्यादं मारायला, मग परत डी३ वर: तीन खेळ्या, तेच काम काळ्याच्या उंटाने दोन खेळ्यांत केलं. रुबिनस्टाईनने सी४ चं प्यादं मारायला मुद्दाम पांढरा उंट डी३ वर येईपर्यंत वाट पाहिली होती. त्या वाट पाहण्यात एक खेळी कमावली. डावाच्या सुरुवातीची ही वाट पाहणी पुस्तकांत कुणी उद्गारवाचक चिन्हाने, म्हणजे उत्तम खेळीच्या खुणेने, दाखवत नाही.

मग घोडा ई५ वर, अदलाबदल, आणि काळा उंट ई५ वर बसून एच२ कडे बघतो. धमकी खरीच आहे: एच२ वर उंटाचा बळी, राजाने मारला की वजीर डी६ वर शह, आणि डी३ चा उंट परत वसूल, एक प्यादं वर. रोटलेवीने एफ४ करून रेष तोडली, काळा उंट सी७ वर मागे गेला, पांढऱ्याने ई४ आणि ई५ असा धडाका लावला. बघा, एफ आणि ई ही दोन्ही प्यादी पुढे गेली आणि ए७ पासून जी१ पर्यंतचा कर्ण सताड उघडा पडला. उंट बी६ वर शह देतो, राजा एच१ वर कोपऱ्यात जातो, आणि तिथे दुसरा उंट बी७ वरून आधीच वाट बघतोय. दोन उंट, दोन शेजारचे कर्ण, त्यांच्यामध्ये राजाला दोन घरं: जी१ आणि एच१. घोडा जी४, पांढरा उंट ई४ वर आडवा, वजीर एच४, एच२ वर मात करायचीच धमकी. रोटलेवीला जी३ करून वजीर हुसकवावा लागला.

आणि आता बावीस: हत्ती सी३ वरचा घोडा मारतो, वजीर तसाच मरायला सोडून. का? ई४ च्या उंटाला दोन आधार होते, सी३ चा घोडा आणि ई२ चा वजीर. एक आधार काढला. पांढऱ्याने वजीर मारला. तेवीस: दुसरा हत्ती डी२ वर, वजिराच्या अंगावर. दुसरा आधार ओढून काढला. वजिराने हत्ती मारला, काळ्या उंटाने ई४ वर शह दिला, वजीर जी२ वर आडवा आला, आणि पंचवीस: हत्ती एच३. रोटलेवीने इथे डाव सोडला. हत्ती पांढऱ्या वजिराच्या शेजारी उघडा उभा आहे, पण वजीर त्याला हात लावू शकत नाही, कारण तो ई४ च्या उंटाने जखडला आहे. पुढे एच२ वर मात: घोडा एच२ राखतो, बी६ चा उंट जी१ राखतो. काळ्याकडे उरलेले चारही मोहरे ती एक मात करण्याच्या कामाला लागलेले, एकही जास्तीचा नाही. पांढऱ्याचा ए१ चा हत्ती संपूर्ण डावात एकदाही हललेला नाही.

हा हिशेब आधी केला, तर बळी चमत्कार वाटत नाहीत. काळ्याचे दोन्ही हत्ती डी८ आणि सी८ वर उभे राहिले तेव्हाच सी३ आणि डी२ वरची घरं त्यांची झाली होती.

सरावासाठी एक साधी पद्धत पुरते. पंधराव्या खेळीची ती आरशातली स्थिती मांडायची, एका कागदावर प्रत्येक मोहऱ्यापुढे त्याने किती खेळ्या खर्च केल्या ते लिहायचं, आणि मग काळ्याच्या बाजूने पुढची प्रत्येक खेळी आधी स्वतः ठरवून मगच रुबिनस्टाईनची उघडायची. इंजिन, म्हणजे खेळ्या सुचवणारा संगणक, बंद. इंजिन लावलं की ते पहिल्या क्षणाला आकडा फेकतं आणि डोकं तिथेच बसकण मारतं. एका बैठकीत दहा खेळ्या झाल्या तरी भरपूर. बहुतेकांचा अंदाज चुकतो तो बळीच्या ठिकाणी नाहीच, हत्ती सी८ वर आणण्याच्या ठिकाणी. तिथे सगळ्यांना लगेच काहीतरी करायचं असतं.

वाट पाहण्याचा सगळ्यात कोरडा, म्हणूनच मला सगळ्यात आवडणारा नमुना त्याच १९०९ च्या स्पर्धेतला, स्पीलमनविरुद्धचा. रुबिनस्टाईन काळ्या मोहऱ्यांनी. पुन्हा हत्तींचा शेवट. पांढऱ्याची ए३ आणि डी४ ही प्यादी सुटी, शेजारी आधाराला कुणी नाही. काळा हत्ती ए८ वरून ए४ वर उतरतो आणि पांढरा हत्ती डी३ वर जाऊन दोन्ही प्यादी एकट्याने सांभाळत बसतो. मग काळा राजा निघतो: ई७, ई६, डी५, पुढे सी४. मध्ये जी५ आणि एफ६ करून राजाच्या बाजूला कुलूप. डी५ करून डी४ चं प्यादं जागीच खिळवलं. आता पांढऱ्या हत्तीला हलता येत नाही, आणि काळा राजा त्याला खेटून उभा असल्यामुळे पांढऱ्या राजालाही हत्तीपासून लांब जाता येत नाही. पांढऱ्याकडे उरल्या फक्त राजाच्या येरझारा.

पन्नासाव्या खेळीला पांढरा राजा डी२ वर आहे. काळ्याला हत्ती ई पट्टीत न्यायचाय. तो ए८ वर मागे येतो. राजा सी२ वर. आता लगेच ई८ वर गेलं तर राजा डी२ वर परतेल आणि पाळी काळ्याची असेल. म्हणून हत्ती नुसता एक घर सरकतो, ए७. राजाला डी२ वर यावंच लागतं. आणि आता हत्ती ई७. स्थिती तीच, पाळी पांढऱ्याची. राजा सी२ वर गेला तर ई२ वर शह देऊन हत्ती आत घुसतो. ई पट्टी तर बंदच. स्पीलमनने हत्तीने सी३ वर शह दिला, आणि काळ्या राजाने डी४ चं प्यादं खाल्लं. ए८, ए७, ई७. तीन खेळ्यांत कुणाच्याही केसाला धक्का न लावता एक प्यादं. स्पीलमन काही ऐरागैरा नव्हता, त्या स्पर्धेत तो दुरासबरोबर तिसऱ्या-चौथ्या जागी होता. लास्कर आणि रुबिनस्टाईन साडेचौदा गुणांनिशी बरोबरीत पहिले.

हे सगळं वाचून हा माणूस यंत्र होता असं वाटायला नको. वजिराच्या प्याद्याच्या डावात एक सापळा आहे: काळ्याने ई४ वर घोडा रोवून त्याला एफ५ चा आधार दिला, की पांढरा घोडा डी५ चं प्यादं मारतो. घोडा मारायला सी६ चं प्यादं हललं, की पांढरा उंट सी७ वर येतो आणि डी८ वरच्या काळ्या वजिराला जायला एकही घर उरत नाही. १९२८ मध्ये बाड किसिंगेनला एयवेने रुबिनस्टाईनला त्यात पकडलं. १९३० मध्ये सान रेमोला आलेखिनने पकडलं, त्याच सापळ्यात. सापळ्याला नाव मिळालं ते पडणाऱ्याचं. स्वतःच्या मोहऱ्यांनी स्वतःच्याच वजिराची घरं बंद करणं, आणि तेही रुबिनस्टाईनने. हे बघून थोडं बरंही वाटतं आणि थोडं वाईटही. सान रेमोला तो तरी तिसरा आला. त्याच वर्षी हॅम्बुर्गच्या ऑलिम्पियाडमध्ये तो पोलंडसाठी पहिल्या पटावर बसला: सतरा डाव, तेरा जिंकले, चार बरोबरीत, हार एकही नाही.